एकशे बाराचे चौऱ्याण्णव

जूनमध्ये निकाल लागला त्या आठवड्यात मी खडवलीला बहिणीकडे गेलो होतो. पहिल्या पावसाने भातसा गढूळ झाली होती आणि रविवार असल्यामुळे स्टेशनाबाहेर नदीवर भिजायला आलेल्यांची झुंबड होती. त्यातून वाट काढत घरी पोचलो, तर चपला काढायच्या आधीच भाचीने प्रश्न टाकला, "मामा, एकशे बाराचे चौऱ्याण्णव कसे होतात?"

तिने सीईटीच्या उत्तरसूचीशी आपली उत्तरं ताडून पाहिली होती. २०० पैकी ११२ गुण होत होते. गुणपत्रकावर पर्सेंटाइल आलं होतं चौऱ्याण्णव पूर्णांक एक. तिच्या मैत्रिणीला १०४ गुण होते आणि पर्सेंटाइल पंच्याण्णव पूर्णांक तीन. दोघी एकाच बाकावर बसणाऱ्या, पण परीक्षा वेगवेगळ्या दिवशी झालेल्या.

"त्याला काय विचारतेस? तो इतिहासवाला," बहीण आतून म्हणाली.

तिचं बरोबर होतं, पण प्रश्न इतिहासाचाही होता. गुण मिळाले एक आणि मोजले गेले दुसरेच, ही भानगड महाराष्ट्रात आजची नाही. त्या दुपारी मी भाचीला जे सांगितलं आणि नंतर घरी येऊन जे पुन्हा तपासलं, ते इथे मांडतो.

आधी हिशेब. अभियांत्रिकीच्या सीईटीत १५० प्रश्न असतात. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे पन्नास-पन्नास, एकेक गुणाचे. गणिताचे पन्नास, दोन-दोन गुणांचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. २०१९पासून ही परीक्षा संगणकावर होते, आणि लाखो मुलांना एकाच वेळी बसवता येतील इतके संगणक कुठल्याच राज्यापाशी नसतात. म्हणून ती दिवसच्या दिवस चालते, सकाळ-दुपार अशा सत्रांत, आणि प्रत्येक सत्राला प्रश्नपत्रिका वेगळी. एक सोपी निघते, दुसरी मुलांना घाम फोडते. मग सकाळचे ११२ आणि परवा दुपारचे १०४ यांची तुलना करायची कशी?

उत्तर असं काढलं गेलं: गुणांची तुलना करायचीच नाही. प्रत्येकाची तुलना फक्त त्याच्या सत्रातल्या मुलांशी करायची. तुझ्याइतके किंवा तुझ्याहून कमी गुण मिळवणारे तुझ्या सत्रात किती, ते मोजायचं, सत्रात बसलेल्या एकूण मुलांच्या संख्येने भागायचं, शंभराने गुणायचं. बास. समजा भाचीच्या सत्रात २०,००० मुलं होती आणि त्यातली १८,८२० तिच्याइतकी किंवा तिच्या मागे होती, तर झाले ९४.१. मैत्रिणीचा पेपर अवघड असेल, तिच्या २०,०००पैकी १९,०६० मुलं १०४वर किंवा त्याखाली राहिली असतील, तर झाले ९५.३. ('समजा' हा शब्द महत्त्वाचा. सत्रांचे खरे आकडे माझ्यापाशी नव्हते, कागदावर समजावून सांगण्यापुरते घेतले.)

इथे बऱ्याच घरांत एक गफलत होते ती सांगून टाकतो. तिन्ही विषयांची पर्सेंटाइल वेगळी छापलेली असतात, आणि पालक त्यांची सरासरी काढून एकूण पर्सेंटाइलशी ताडायला बसतात. ते जुळत नाही, जुळायचं कारणही नाही. एकूण पर्सेंटाइल हे एकूण गुणांवरून स्वतंत्रपणे काढलेलं असतं. तिन्ही विषयांत नव्वद-नव्वद असलेल्या मुलाचं एकूण नव्वदच्या वर जाऊ शकतं, कारण तिन्ही विषय एकसारखे सांभाळणारी मुलं थोडी असतात.

आता इतिहास.

मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८ जुलै १८५७ला. खडवलीवरून जाणारा लोहमार्ग त्याआधीच, १८५५मध्ये, वाशिंदपर्यंत पोचला होता. म्हणजे भाचीच्या घरामागचे रूळ विद्यापीठापेक्षा दोन वर्षांनी मोठे. विद्यापीठाची पहिली मॅट्रिक झाली १८५९मध्ये. तिला आपण शाळेची शेवटची परीक्षा समजतो, पण ती होती विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, आणि जुन्या मराठीत तिला नावही तेच होतं. पहिल्या वर्षी उत्तीर्ण झाले जेमतेम वीस-बावीस. त्यात महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्या परीक्षेत प्रश्न एवढाच असे, की आत घ्यायचं की नाही. कोणाच्या पुढे कोण, हा मुद्दा शिष्यवृत्त्यांपुरता. जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती पटकावणाऱ्याचं नाव घरोघरी घेतलं जाई. १९१२मध्ये ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली, ते मॅट्रिकला पहिलेही आले, आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि केंद्रीय अर्थमंत्री झाले तरी त्या मॅट्रिकच्या आठवणी लोक काढतच राहिले. बाकीच्यांसाठी पास की नापास एवढंच. 'नॉन-मॅट्रिक' हीदेखील त्या काळात सांगण्याजोगी पात्रता होती, याचं हसू येतं. पण रेघ एकच असली की रेघेच्या अगदी जवळ येऊन थांबण्यालाही किंमत येते.

शालान्त परीक्षेचं मंडळ १९४८च्या कायद्याने आलं आणि पुढच्या वर्षी एसएससी सुरू झाली. कॉलेजात जागा आणि मुलं यांचा मेळ बसत होता तोवर टक्के हे कौतुकाचे होते. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर दहा-अधिक-दोन-अधिक-तीन आलं, बारावीला महत्त्व आलं, आणि मेडिकल-इंजिनिअरिंगचं दार बारावीच्या तीन विषयांच्या बेरजेवर उघडू लागलं. १९८३मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, तेव्हा जागा वाढल्या. पण सरकारी कॉलेजातल्या कमी फीच्या जागेसाठीची ओढाताण काही कमी झाली नाही. यादी लागायची, यादीत शेवटी एक नाव असायचं, आणि त्याच्या खालच्या नावाचं काय झालं हे कोणी विचारायचं नाही.

ते खालचं नाव एकदा माझं होतं. १९९१ साल. एका कॉलेजच्या फळ्यावरच्या यादीत शेवटच्या मुलाचे आणि माझे गुण अगदी सारखे होते. खिडकीतल्या कारकुनाने सांगितलं, गुण सारखे असले की वयाने मोठा त्याला आधी. तो माझ्यापेक्षा अकरा दिवसांनी मोठा होता. मी पुढे इतिहासाकडे वळलो, त्याचं दुःख नाही. पण अकरा दिवस हे मोजमाप कुठून आलं, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

गुण नुसते मिळतात, की 'दिले' जातात आणि 'मोजले' जातात, यावर महाराष्ट्रात न्यायालयांत जेवढं बोललं गेलं तेवढं कॉलेजांच्या स्टाफरूममध्ये बोललं गेलं नाही. राज्य मंडळाच्या नियमात पुनर्मूल्यांकनाला आणि उत्तरपत्रिका दाखवायला बंदी होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी उडवली. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८४मध्ये जिंकलं. पारितोष शेठ खटला म्हणून कायद्याचे विद्यार्थी तो अजून वाचतात. लाखो उत्तरपत्रिका पुन्हा उघडायच्या ठरल्या तर निकालाला अंतच राहणार नाही, हा त्यातला व्यवहारी युक्तिवाद. तो अगदीच टाकाऊ नव्हता. तरीही स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य व्हायला २०११ उजाडावं लागलं, आणि तोही माहिती अधिकाराच्या वाटेने, सीबीएसईच्या एका खटल्यात. भाची आज उत्तरसूची उघडून ११२ मोजू शकते, यामागे असं सत्तावीस वर्षांचं अंतर आहे.

दुसरा खटला १९८६चा, निदामर्ती महेशकुमार यांचा. मेडिकलच्या जागा त्या-त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांनाच, अशी महाराष्ट्राची पद्धत होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. पुढे ७०:३० असा प्रादेशिक कोटा राहिला, तो सरकारने २०२०मध्ये काढला. म्हणजे तीन दशकं असं होतं, की सारखेच गुण घेऊन लातूरचा मुलगा एका यादीत वर आणि ठाण्याचा दुसऱ्या यादीत खाली, किंवा उलट. मागास भागांच्या बाजूने त्याचं समर्थन करता येतं, आणि मी तेव्हाही करत असे. पण निव्वळ गुण हे मोजमाप आपल्याकडे कधीच निव्वळ नव्हतं, हे त्यातून दिसतं.

या सगळ्यातली सर्वांत गमतीदार हकिकत २००८ची. अकरावीच्या प्रवेशात एसएससीची मुलं मागे पडतात, आयसीएसईची पुढे जातात, अशी मुंबई-ठाण्यात ओरड होती. सरकारने एक सूत्र काढलं आणि त्याला नाव दिलं 'पर्सेंटाइल'. प्रत्येक मंडळातल्या पहिल्या दहा जणांच्या गुणांची सरासरी काढायची, ती शंभर धरायची आणि बाकीच्यांचे गुण त्या प्रमाणात ताणायचे. आता हे काहीही असेल, पर्सेंटाइल नव्हे. किती मुलं तुमच्या मागे आहेत, याचा त्यात कुठे पत्ताच नाही. लाखो मुलांचं भवितव्य वरच्या दहा जणांच्या हातात! एखाद्या वर्षी त्या दहांनी कमाल केली, तर साऱ्या मंडळाचे गुण खाली. उच्च न्यायालयाने ते सूत्र त्याच वर्षी मोडीत काढलं. २००९मध्ये सरकारने नव्वद टक्के जागा एसएससीला राखून ठेवल्या; तेही टिकलं नाही. २०१०मध्ये सहापैकी सर्वोत्तम पाच विषय धरण्याची 'बेस्ट फाइव्ह' पद्धत आली. उच्च न्यायालयाने ती नाकारली, सर्वोच्च न्यायालयाने चालू दिली. तीन वर्षं, तीन सूत्रं, आणि दरवर्षी अकरावीचे वर्ग रखडलेले. कल्याण-डोंबिवलीतल्या ज्या पालकांना त्या तीन पावसाळ्यांत मूल अकरावीला घालायचं होतं, त्यांना विचारा.

खरं पर्सेंटाइल आलं कुठून, हे सांगायला केंब्रिजला जावं लागतं, आणि तिथेही एक मराठी माणूस भेटतो.

केंब्रिज विद्यापीठात गणिताची ट्रायपॉस ही परीक्षा होती. पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणत आणि सर्वांत वरच्याला सीनियर रँग्लर. क्रमवार यादी जाहीर होई, गुण मात्र गुप्त. फ्रान्सिस गाल्टनने ते गुण कसेबसे मिळवले आणि १८६९च्या आपल्या पुस्तकात छापले. यादीतला शेवटचा तीनशेहून कमी, तर सीनियर रँग्लर साडेसात हजारांच्या वर. यादीत नुसते क्रमांक वाचणाऱ्याला हे अंतर कधीच दिसलं नसतं. गाल्टनने त्यावरून बुद्धी रक्तातून येते वगैरे निष्कर्ष काढले, ज्यांतून पुढे सुप्रजननाचं विषारी शास्त्र उभं राहिलं. त्याचं कौतुक सावरूनच करावं लागतं. पण 'पर्सेंटाइल' हा शब्द त्याचाच, १८८५च्या सुमाराचा. माणसं उंचीने ओळीत उभी करायची आणि शंभरातला कितवा ते पाहायचं, अशी कल्पना. फुटपट्टी लागत नाही, फक्त ओळ लागते. मोठी सोय आहे ही. आणि तोटाही तोच: दोघांतलं अंतर किती ते पुसलं जातं, उरतं फक्त कोण कोणाच्या पुढे. म्हणजे जे अंतर गाल्टनने यादीच्या मागून खणून बाहेर काढलं, तेच त्याच्या मापाने पुन्हा झाकलं.

१८८८मध्ये एजवर्थ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने परीक्षांच्या संख्याशास्त्रावर निबंध वाचला. तपासनीस बदलला तर उत्तीर्णांच्या यादीतली किती नावं बदलतील, याचा त्याने हिशेब मांडला. रेघेच्या आसपासची नावं बऱ्याच अंशी नशिबाने ठरतात, हे तेव्हापासून आकड्यांत ठाऊक आहे.

आणि १८९९मध्ये दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, फर्ग्युसनमधून गेलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर झाले. त्यांना जन्मभर 'रँग्लर' ही उपाधी चिकटली. पण एक तपशील आपल्याकडे क्वचित सांगितला जातो: ते एकटे पहिले नव्हते. जॉर्ज बर्टविसल नावाचा इंग्रज विद्यार्थी त्यांच्या बरोबरीने होता. दोघांची नावं एका कंसात घातली आणि दोघांना पहिलं म्हटलं. कोणाची जन्मतारीख कोणी विचारली नाही. दहा वर्षांनी, १९०९मध्ये, केंब्रिजने क्रमवार यादीच बंद केली.

आपल्याकडे दिशा उलटी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मेडिकलसाठी राज्याची सीईटी आली, काही वर्षांत इंजिनिअरिंगसाठीही. खाजगी कॉलेजांनी वेगळी परीक्षा घ्यायची की सरकारच्याच यादीतून मुलं घ्यायची, यावरून खटले चालले; इनामदार विरुद्ध महाराष्ट्र हा २००५चा निकाल त्यातला मोठा. २०१४ आणि २०१५ अशी दोन वर्षं इंजिनिअरिंगची राज्य सीईटी बंदच होती. निम्मे गुण जेईई मेनचे, निम्मे बारावीचे, पण बारावीचे जसेच्या तसे नाहीत. मंडळात तुमचं पर्सेंटाइल किती ते काढायचं, जेईईत तेवढ्याच पर्सेंटाइलला किती गुण येतात ते पाहायचं, एकदा देशभरच्या मुलांत आणि एकदा तुमच्या मंडळाच्या मुलांत, आणि दोन्हींची सरासरी घ्यायची. गणिताच्या दृष्टीने ते २००८च्या सूत्रापेक्षा कितीतरी शहाणपणाचं होतं. पण शहापूरच्या किंवा मुरबाडच्या एखाद्या बापाला ते कोण समजावणार? २०१६मध्ये सीईटी परत आली. मेडिकल पुढच्या वर्षापासून पूर्णपणे नीटकडे गेलं. २०१९मध्ये संगणक आला, आणि त्याच्यासोबत पर्सेंटाइल, दशांश चिन्हापुढे सात आकड्यांपर्यंत.

त्या सात आकड्यांविषयी थोडं बोललं पाहिजे. २०,००० मुलांच्या सत्रात एका मुलाचं वजन ०.००५ एवढं. याहून बारीक पायरी त्या सत्रात असूच शकत नाही; पुढचे आकडे भागाकारातून आपोआप पडतात. तरी ते कामाला येतात, आणि कसे ते बघा. २०,०००च्या सत्रात दुसऱ्या आलेल्याला ९९.९९५ मिळतात. १०,०००च्या सत्रात दुसऱ्या आलेल्याला ९९.९९. दोघेही आपापल्या सत्रात दुसरेच. तरी राज्याच्या यादीत एक वर, एक खाली, आणि त्याचं कारण एवढंच की दुसऱ्याच्या सत्रात गर्दी कमी होती. पहिल्यांची गोष्ट वेगळी. प्रत्येक सत्रातल्या पहिल्याला पूर्ण १००. म्हणून शंभर पर्सेंटाइलवाले अनेक असतात आणि दरवर्षी कोणीतरी त्यावर संशय घेतो. त्यात संशयास्पद काही नाही. जितकी सत्रं, निदान तितके शंभर. मग बरोबरी आली की आधी गणिताचं पर्सेंटाइल, मग भौतिकशास्त्राचं, मग रसायनशास्त्राचं, तरीही तिढा राहिला तर बारावीचे गुण. कंस घालायची सोय नाही.

हे सगळं उभं आहे एका गृहीतावर: सकाळची वीस हजार मुलं आणि परवा दुपारची वीस हजार मुलं, एकंदरीत सारखीच हुशार. मुलं सत्रांत सरमिसळ वाटली गेली तर हे बहुतांशी खरं ठरतं. बहुतांशी, तंतोतंत नाही. २०२४मध्ये, पर्सेंटाइलसोबत मूळ गुणही छापा, अशी मागणी राजकीय पक्षांपर्यंत गेली. मला ती रास्त वाटते. मूळ गुण दिसल्याने क्रम बदलणार नाही, पण आपलं काय केलं गेलं हे मुलाला निदान कळेल.

२०२५च्या एप्रिलमध्ये तर गृहीताचाच कस लागला. २७ तारखेच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांचे पर्याय चुकलेले निघाले. सुमारे २७ हजार मुलं. आता गंमत अशी, की सर्वांना २१ प्रश्नांचे ४२ गुण वाटून टाकले असते तरी सत्रातल्या कोणाच्याही मागची मुलं त्या वाटपाने वाढली वा घटली नसती. सूत्र जसंच्या तसं चाललं असतं. पण ज्या मुलाने उत्तर बरोबर काढलं, पर्यायांत सापडलं नाही म्हणून पुन्हा काढलं, पुन्हा सापडलं नाही, त्याची दहा-पंधरा मिनिटं गेली. ज्याने अंदाजाने एक पर्याय दाबला, त्याची वाचली. हे कुठल्या भागाकारात धरणार? ५ मे रोजी त्या सत्राची परीक्षा पुन्हा घेतली गेली. ते योग्यच झालं. त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या पदव्युत्तर नीटबाबत सांगितलं, की दोन प्रश्नपत्रिका सारख्या अवघड कधीच नसतात, तेव्हा परीक्षा एकाच सत्रात घ्या. ती तशी ३ ऑगस्टला झाली. सीईटीच्या मुलांची संख्या पाहता इथे ते लगेच होईल, असं मला वाटत नाही.

खडवलीच्या त्या दुपारी हे सगळं मी अर्थातच सांगितलं नाही. कागदावर दोन भागाकार केले, परांजप्यांची गोष्ट सांगितली. भाची बराच वेळ कागदाकडे बघत होती. मग तिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि दोन वजाबाक्या केल्या.

"म्हणजे माझ्यापुढे अकराशे ऐंशी, आणि तिच्यापुढे नऊशे चाळीस."

"समजा म्हणून."

"आणि तिचा पेपर मला आला असता तर?"

"तर तुझे ११२ आले नसते."

"किती आले असते?"

ते कुठल्याच सूत्रातून निघत नाही, असं मी म्हणालो. बहिणीने भजी आणून ठेवली. भाचीला रात्रीपर्यंत कॉलेजांचे पसंतीक्रम काढून ठेवायचे होते. मैत्रिणीचा फोन आला, दोघींनी यादी एकत्रच करायची ठरवली होती. पहिलं नाव दोघींचं एकच होतं. कसाऱ्याहून येणारी लोकल पकडायला मी निघालो, तेव्हा ती फोनवर विचारत होती, गणितात तुला किती गं.